सातव्या चालीतला दगड

ताडकळस
१८ जून २०२३

शंभूदादा,

सप्रेम जय भीम.

तुझं रजिस्टर पत्र मिळालं. सही घेताना पोस्टमन सितारामकाकांनी विचारलं, "ह्यो त्योच का, तुमच्याकडं जेवायला असायचा त्यो?" मी हो म्हटलं. फोनवर तुझा नंबर नऊ वर्षांपूर्वीच बंद करून ठेवलाय, म्हणून तू कागदावर आलास. बरं केलंस. मास्तरीण झाल्यापासून मला लिहिलेलंच जास्त खरं वाटतं.

आबांची तब्येत विचारलीस. ठीक आहेत. उजवं मनगट तेवढं तिरकं जुळलं, ते तिरकंच राहिलं. कप डाव्या हातानं धरतात. भाकरी माय कुस्करून देते, पायजम्याची नाडीही तीच बांधते. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

तुला मात्र ते कधी दोष देत नाहीत. गंगाखेडच्या त्या कार्यक्रमाचं कुणी काढलं की म्हणतात, "सुटलेली काठी थांबत न्हाई. पोराचा काय दोष?" वाक्य तुझंच आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून रडत रडत तू ते म्हणाला होतास. आबांनी ते उचललं आणि आजवर जपलं. तुझी शिकाऊ काठीही तशीच जपलीय. शिष्याची पहिली काठी वस्तादाच्या आढ्याला आहे तोवर तो शिष्य, हा आपल्या आखाड्याचा कायदा तू विसरला नसशील. दर पौर्णिमेला आबा ती खाली काढतात आणि डाव्या हातानं करडईचं तेल चोळतात. मी करते म्हटलं तर देत नाहीत.

तुझे व्हिडिओ बघते. राखणीच्या फेरातली एकेक चाल घेऊन ती रस्त्यावरच्या मारामारीत कशी कामाला येते, ते तू समजावून सांगतोस. पहिली चाल डोक्यावरचा वार अडवायला, तिसरी गळा धरणाऱ्याचं कोपर मोडायला. चांगलं सांगतोस, वाद नाही. फक्त "आमच्या पणजोबांपासून चालत आलेला फेर" म्हणतोस, तेव्हा हसू येतं. तुझे पणजोबा राणीसावरगावात कापड विकायचे. त्यांच्या हातात काठी नव्हती, गज होता. फेर माझ्या पणज्याचा. निजामाच्या राज्यात गावची राखण त्याच्याकडं होती. दरोडा पडला की सगळं गाव दारं लावून घ्यायचं आणि बाहेर तो एकटा. बसवंतरावकाकांना विचारून बघ, तुझे वडील खोटं बोलणारे नाहीत.

आता तुझा प्रश्न. चौदा चालींचा फेर धडाधड चाललेला असताना सातव्या चालीला मध्येच ती उडी कशासाठी? लोक व्हिडिओखाली विचारायला लागलेत आणि तू सहावीवरून गुपचूप आठवीवर जातोस. त्यात येत्या २६ जानेवारीला गंगाखेडच्या मैदानात तू आव्हान ठेवलंयस. काठी घेऊन कुणीही यावं, जो मला एकदा काठी लावील त्याला मंचावर वस्ताद म्हणीन. त्याआधी तुला फेर पुरा हवाय. बरोबर आहे. अर्धी विद्या घेऊन मैदानात उतरू नये.

अर्थ आहे. आबांनी मला सांगितलाय. तुला द्यायचा का, ते त्यांना विचारून कळवते.

तुझी,
बबिता

१९ जून २०२३
(हे टाकायचं नाही)

शंभुराज,

काल तुला खोटं लिहिलं. सातव्या चालीला काही अर्थ नाही.

आमच्या मागच्या अंगणात मायचा धुण्याचा दगड आहे. तू त्यावर पाय घासून धुवायचास आणि माय ओरडायची, तोच. आबा आधी फेर त्या अंगणातच फिरायचे. सातव्या पावलाला दगड आडवा येतो, म्हणून आबा उडी मारायचे, म्हणून मी मारायला लागले. तू शिकायला आलास तोवर आखाडा गावाबाहेरच्या खळ्यावर गेला होता, तिथं दगड नव्हता, उडी मात्र गेली. आपल्याकडं वस्ताद खोकला तर शिष्यही खोकतात. ताडकळसपासून गंगाखेडपर्यंत चाळीसेक जण मोकळ्या मैदानात माझ्या मायचा दगड ओलांडत असतात आणि कुणाला काही वाटत नाही. लहानपणी मी एकदा आबांना विचारलं होतं. ते नुसते हसले होते.

मला काय हवंय ते इथं स्वच्छ लिहिते. मला तुझं उजवं मनगट हवंय. आबांचं गेलं तसं, त्याच मैदानात, तशाच गर्दीसमोर.

त्या दिवशी मी दहा हातांवर उभी होते. वार हाडाच्या मूठभर अलीकडं थांबवायचा, हा आपला पहिला धडा. वार करता येणं ही निम्मी विद्या, थांबवता येणं पुरी, असं आबा म्हणतात. पाच वर्षं तू रोज वार थांबवलास. एकदा चुकला नाहीस. चुकलास तो नेमका कधी? आबांनी आपली काठी माझ्या हातात देऊन "आखाडा बबिता चालवील" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. काठी मला मिळाली तेव्हा तू माझ्या डोक्यात टपली मारून हसला होतास. "वस्तादीणबाई," म्हणालास. आबा तुझ्या शब्दावर उठून उभे राहिले मैदानात, कारण लोकांना खरा वार दाखवायचा असं तू म्हणालास. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळातलंच आहे.

हे मी आबांना कधी बोलले नाही. माझ्याकडं पुरावा नव्हता. शिवाय काठी मला मिळाली आणि तुला नाही, याचं मला थोडं वाईट वाटत होतं. आज नाही वाटत.

म्हणून मी तुला अर्थ देणार आहे. मी रचलेला. असा, की ती उडी तू खऱ्या वारासमोर मारशील आणि हवेत असताना तुझं मनगट माझ्यासमोर उघडं पडेल. समोर मी असेन. मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये, असं माय म्हणते.

३ सप्टेंबर २०२३

शंभूदादा,

सप्रेम जय भीम.

आबांनी परवानगी दिली. "बाहेर राहिला तरी आपलाच हाय," म्हणाले. नीट वाच.

सातवी चाल खालच्या वारासाठी आहे. समोरचा तुझ्या गुडघ्यावर काठी फिरवतो, तेव्हाची. आपण सगळे वर उडी मारतो, ती चूक. उडी पुढं घ्यायची. त्याची काठी पायाखालून जाऊ द्यायची नाही. उतरताना डावी टाच तिच्यावर पडली पाहिजे, अंगाच्या सगळ्या भारानिशी. काठी मातीत दाबली गेली की धरणाऱ्याचे दोन्ही हात तिच्याबरोबर खाली ओढले जातात. तेवढ्यात तुझी काठी वरून त्याच्या मनगटावर. आधी टाच, मग वार, आणि दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायचा नाही.

आधी बांबू जमिनीवर ठेवून कर. मग कुणाला तरी हळू फिरवायला लाव, मग जोरात. रोज दीडशे वेळा.

आबांना भेटायला येऊ का म्हणून विचारलंस. आत्ता नको. त्यांना त्रास होईल. २६ जानेवारी होऊ दे, मग ये. माय तुझ्यासाठी धपाटे करील.

तुझी,
बबिता

२० नोव्हेंबर २०२३
(हेही टाकायचं नाही)

शंभुराज,

तुझं पत्र आलं. चाल जमायला लागली म्हणतोस. "बबे, हे सोनं आहे," असं लिहिलंयस. वाचून मी पोट धरून हसले. फिरत्या काठीवर टाच ठेवणारा अजून जन्माला यायचाय. तुझे विद्यार्थी तुला सर म्हणतात, ते तुझ्या टाचेखाली काठी आणूनच ठेवत असतील. आणि हे रचायला मला काही फार कष्ट पडले नाहीत. एका दुपारी अंगणात गेले, डोळे मिटून सातवी चाल केली, अंगात जे आलं ते कागदावर उतरवलं.

पण शेवटी एक ओळ होती. पुण्यातल्या मुलींच्या वर्गालाही चाल दाखवली म्हणतोस. तिथं हसू थांबलं. त्या पोरींनी माझं काय वाकडं केलंय? एखादी कामावरून घरी जाताना माझ्या थापेवर भरवसा ठेवून उडी मारील आणि उघडी पडेल. दोन दिवस घास गोड लागला नाही. मग तुला घाईनं चिठ्ठी टाकली, ही चाल घरातली आहे, जानेवारीपर्यंत बाहेर दाखवू नको. तू लगेच ऐकलंस. तेवढं पुरेसं नव्हतं, हे मला कळतं. चाल खोटी आहे असंच कळवायला हवं होतं. पण मग तुझं मनगट हातचं गेलं असतं. मी मनगट निवडलं, आणि हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तरी बदलत नाही.

शाळा सुटल्यावर रोज गोठ्यातल्या खांबावर सराव करते. खाली गुडघ्यावर वार करायचा, तू उडालास की काठी ओढून वर, मनगटावर. परवा माय शेणकूट थापता थापता बघत होती.

"कुणाला मारायलीस?"

"खांबाला."

"खांबाचं नाव काय?"

मी खांबावर आणखी एक वार केला. तिनं पुढचं शेणकूट थापलं.

२९ जानेवारी २०२४

शंभुराज,

सोबत दोन न टाकलेली पत्रं जोडली आहेत. आधी ती वाच, तारखा बघ, मग हे वाच.

वाचलीस? तर आता २६ तारखेचं. तू तिथं होतासच, तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते ऐक.

आधी दोघे आले. एक साखर कारखान्यातला वॉचमन, एक तालमीतला पोरगा. दोघांना तू चेष्टा करत करत परत पाठवलंस. मग मी पदर खोचून वर आले तेव्हा तुझ्या तोंडावरचं हसू क्षणभर गेलं. लगेच परत आणलंस. माईकवर "या ताई" म्हणालास. पाच वर्षं आमच्या घरी जेवलास, आणि माझं नाव तुला त्या माईकवर घेता आलं नाही.

मी दोन वार वरून केले, तू अडवलेस. मी वाट बघत होते. तिसरा खाली, गुडघ्यावर. तू उडालास. पुढं उडालास, मी लिहिलं होतं तसा. तुझं मनगट माझ्यासमोर आलं, अगदी मी सात महिने डोळ्यांपुढं धरलं होतं तसं, आणि मी काठी वर ओढली. ती आली नाही. तुझी टाच तिच्यावर होती. माझे दोन्ही हात जमिनीकडं गेले, मी वाकले, आणि वरून तुझी काठी आली. मी डोळे मिटून घेतले.

काही लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा तुझी काठी माझ्या मनगटावर बोटभर अंतरावर उभी होती. हलतसुद्धा नव्हती.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. तू हळूच विचारलंस, "लागलं न्हाई ना, बबे?" मग माईक घेतलास आणि म्हणालास, "बघितलंत? पुऱ्या जोरातला वार, बोटभर अलीकडं थांबवलाय. माझ्या हातून काठी सुटत नसते. मी सोडली तरच सुटते."

मी खाली उतरले. गंगाखेडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसले, तेव्हा डोक्यात एकच होतं की मी हरले. माझीच थाप मला लागली. तिन्हीसांजेला घरी आले आणि आबांना, मायला सगळं सांगून टाकलं. तुझं पत्र, माझं खोटं, मनगट, सगळं. वाटलं आबा रागावतील. ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. दगडापाशी उभे राहिले, सहावं पाऊल टाकलं, सत्तरीला आलेला माणूस, आणि उडाले. डावी टाच दगडाच्या कडेवर पडली. दगडाच्या पलीकडं नाही. दगडावर.

"उडी दगडासाठी न्हाई," म्हणाले. "दगड उडीसाठी हाय. गोदावरीतून गाडीत घालून आणलाय मी. त्यो दगड म्हंजी समोरच्याची काठी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगून कळत न्हाई. सांगितल्याली चाल डोक्यात ऱ्हाती. तू अंगाला इचारलंस, अंगानं सांगितलं. मी वाट बघत होतो तू कवा इचारतीस." मग म्हणाले, "इचारलंस, आन् पयल्यांदा त्यालाच दिलंस."

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं तुझ्या काठीनं लागलं नसतं. पणज्यापासून घरात राहिलेली एकच गोष्ट, ती मी स्वतःच्या हातानं, पोस्टाचं तिकीट लावून, तुला पाठवली. द्वेषानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मी आंधळेपणानं खरं लिहून बसले. त्या मुलींच्या बाबतीत तेवढं बरं झालं. त्यांना शिकव, माझी ना नाही.

माय दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "लगीन झाल्या साली आणला होता त्यो. मी तवा हिरीवर जायची धुणं घेऊन. मला वाटलं माझ्यासाठीच आणला." पस्तीस वर्षं त्या दगडावर कपडे आपटणाऱ्या बाईला आबा काय सांगणार? "तुझ्यासाठी बी," म्हणाले. माय "ऱ्हाऊ द्या" म्हणून आत गेली.

इथं पत्र संपलं असतं तर तू जिंकला असतास.

पण दुसऱ्या दिवशी तू तुझा व्हिडिओ टाकलास. मी तो आबांना दाखवला. खरं तर उडी दाखवायला दाखवला, तुझी टाच किती बरोबर पडली ते त्यांना बघायचं होतं. आबांनी बघितली. "चांगली पडली," म्हणाले, खूश होऊन म्हणाले. शिष्य चुकीचा असला तरी चाल बरोबर आली की वस्तादाला आनंद होतो, हे मला तेव्हा कळलं. मग तुझी काठी माझ्या मनगटावर येऊन थांबली आणि तू माईकवर बोललास.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "माघारी घे," म्हणाले. मी घेतलं. पुन्हा काठी आली, थांबली. मी सोडली तरच सुटते. "आनखी एकदा." आबांनी ते चार वेळा ऐकलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि आपलं तिरकं मनगट डाव्या हातात धरून बसले.

"थांबती की," म्हणाले.

नऊ वर्षं ज्या पुराव्यासाठी जळत होते, तो तू स्वतः चारशे माणसांपुढं माईकवर दिलास, आणि वर व्हिडिओ करून टाकलास. मला आनंद झाला शंभुराज, खोटं नाही सांगत. लय आनंद झाला. मग आबांचं तोंड बघितलं. मनगट मोडलं तेव्हाही ते एवढे म्हातारे दिसले नव्हते. मोडक्या हातानिशी नऊ वर्षं ते सुखात होते, कारण पोराची काठी सुटली होती. आता ती सुटली नव्हती. मी तुला मारायला गेले आणि त्यांचा तो विश्वास मोडून बसले. पण तो तुझाही आधार होता, आणि तो गेला याचं मला वाईट वाटत नाही. या घरात तुझ्या बाजूचा आबा हा एकच माणूस होता.

कालचा दिवस त्यांनी तसाच मनगट धरून काढला. आज सकाळी उठले आणि आढ्यावरून तुझी काठी काढली. मला वाटलं तेल लावतील. पण पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेत. गुडघ्यावर ठेवून मोडायला गेले, एका हातानं मोडेना. मी पुढं झाले तर "सरक" म्हणाले. मग अख्खी काठीच एका टोकानं अंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीत सारली आणि समोर बसून राहिले, जळेल तसतशी आत ढकलत. नऊ वर्षांचं तेल होतं तिच्यात. भडाभडा पेटली.

२६ जानेवारी झाली की ये, असं मी लिहिलं होतं. येऊ नको.

अंघोळ करून आबा बाहेर आले. माय त्यांची नाडी बांधत होती. तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "त्याला लिही."

मी विचारलं, "काय लिहू?"

"पाणी चांगलं तापलं, म्हून लिही."

बबिता नागनाथ